‘ढ’ हे अक्षर आणि विद्यापीठाचे कर्तव्य

मराठी वर्णमालेतील एका अक्षराच्या वाट्याला शिवीचे जिणे आले आहे, आणि ते अक्षर म्हणजे ‘ढ’. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंतच्या दोन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासात बहुतेक अक्षरांची रूपे पार पालटून गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही केल्या फरक पडत नाही अशा विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणण्याचा प्रघात पडला, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा मागाहून रचलेली असो, ज्या शहरात शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल पेढ्यांसह घरोघर पोहोचतो आणि मुलाच्या गुणपत्रिकेवरून कुटुंबाची प्रतिष्ठा मोजली जाते, त्या पुण्यात हे एक अक्षर किती कोवळ्या मनांवर डाग देऊन गेले असेल याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. त्या मुलांपैकी कित्येकांना वाचता का येत नव्हते, एका जागी बसणे का जमत नव्हते, गर्दीत कानांवर हात का ठेवावेसे वाटत होते, हे त्यांना कोणी विचारले नाही, कारण कसे विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचा अर्थ कसा लावावा याचे शिक्षण विचारणाऱ्यांनाच मिळालेले नव्हते.

गेल्या तीन दशकांत शब्द बदलले, हे मान्य केले पाहिजे. ‘ढ’च्या जागी अध्ययन अक्षमता आली, ‘वेडसर’च्या जागी स्वमग्नता आली, ‘वांड’च्या जागी अतिचंचलता आली. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना एकवीस प्रकारांच्या यादीत स्थान दिले. परंतु शब्द आणि कायदे जितक्या त्वरेने बदलले तितक्या त्वरेने ज्ञान वाढले नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे की, बालविकास आणि मेंदूंचे नैसर्गिक वैविध्य, ज्याला जग आज ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणते, यांचे पदव्युत्तर अध्ययन पुण्यात एका छत्राखाली, मराठी मुलांच्या सहवासात आणि मुख्यतः मराठीतून उभे राहावे.

ही मागणी कोणाला नवी वाटेल, परंतु तिची परंपरा जुनी आहे. ज्या मुलांना शाळेत विशेष साहाय्याची गरज आहे ती ओळखता यावीत, एवढ्याच हेतूने आल्फ्रेड बिने यांनी आपले सहकारी सिमाँ यांच्यासमवेत १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी सिद्ध केली. ती जगभर गेली. परंतु पॅरिसच्या मुलासाठी रचलेला प्रश्न धारवाडच्या मुलाला जसाच्या तसा विचारणे म्हणजे एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्याला चढवणे होय, हे ज्यांनी वेळीच ओळखले त्यांत डॉ. वि. वि. कामत अग्रणी होते. तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाडच्या परिसरात, मराठी आणि कानडी या दोन भाषा जिथे एकमेकींच्या अंगणात नांदतात तिथे, त्यांनी त्याच दोन भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या चाचणीची पुनर्रचना केली. तिचा वृत्तान्त १९३४ साली एका ब्रिटिश शिक्षण-मानसशास्त्रीय नियतकालिकात आला, आणि १९४० साली तिचे पुस्तक झाले. अशी पुनर्रचना म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. प्रत्येक प्रश्न मुलांना विचारून पाहावा लागतो, कोणत्या वयाच्या बहुसंख्य मुलांना तो सुटतो हे नोंदवावे लागते, आणि त्यानुसार त्याला वरच्या किंवा खालच्या वयात हलवावे लागते. हे काम शेकडो मुलांसमोर बसून, घड्याळ आणि नोंदवही घेऊन करावयाचे असते. बिने-कामत चाचणी आजही देशभरच्या बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते.

कामतांनंतर ही परंपरा नागपूरला गेली. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या बुद्धिमापन श्रेणीचे आणि व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूप तयार केले. त्याच सुमारास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक भारतीय अर्भकांच्या वाढीचा दीर्घकालीन मागोवा घेत होत्या. त्यातून एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी जी विकासमापन श्रेणी सिद्ध झाली तिच्यात २३० कसोट्या आहेत, त्यांपैकी ६७ हालचालींच्या आणि १६३ मानसिक विकासाच्या. तिची नियमपुस्तिका १९९७ साली पुण्यातच प्रसिद्ध झाली. धारवाड, नागपूर, बडोदे या तिन्ही ठिकाणच्या कामात एक समान सूत्र आहे. आपल्या मुलांविषयी बोलण्याआधी आपली मुले पाहिली पाहिजेत, असे या मंडळींनी मानले, आणि त्यासाठी आयुष्याची वर्षे दिली.

पुण्यानेही आपला वाटा उचलला आहे. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापन करून प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाला मानसशास्त्राचे अधिष्ठान दिले, आणि त्याच दशकात बौद्धिक वाढीत मागे राहिलेल्या मुलांसाठी ‘कामायनी’ या संस्थेचे काम उभे राहिले. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर एक असे काम केले की ज्याचा प्रत्येक पुणेकराला अभिमान वाटावा. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचा त्यांनी पाठपुरावा सुरू केला आणि तो ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत सोडला नाही. घरे बदलली, पत्ते बदलले, मुले शाळेतून महाविद्यालयात गेली, तरी संशोधकांची नोंदवही त्यांच्यामागे जात राहिली. त्या नोंदवहीने सांगितलेली गोष्ट अशी की, यांतील बहुसंख्य मुलांची बुद्धी सामान्य मर्यादेतच होती, परंतु बरोबरीच्या मुलांहून थोडी उणी होती, आणि बाराव्या वर्षी वाचनात व विशेषतः गणितात त्यांना अधिक अडचणी येत होत्या. म्हणजे वर्गात ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मिळणाऱ्या एखाद्या मुलाच्या अडचणीचे मूळ त्याच्या आळसात नसून जन्मवेळच्या वजनात असू शकते. इतके साधे आणि इतके करुण सत्य हाती येण्यासाठी अठरा वर्षे चिकाटी धरावी लागली.

असे असूनही या विषयाचे विद्यापीठीय अध्ययन आज विखुरलेले आहे. मानसशास्त्र १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या एका शाखेत शिकवले जाते. बालरोगशास्त्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत मोडते. विशेष शिक्षक आणि चिकित्सक १९९२ च्या कायद्याने निर्माण झालेल्या पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत येतात. आणि मानवी विकास हा विषय गृहविज्ञानाचा भाग म्हणून, महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या परंपरेत नांदतो. प्रत्येक शाखेचे काम आपापल्या जागी मोलाचे आहे, परंतु मूल मात्र एकच असते. अशा मुलाची आई ज्या पिशवीसह शहरभर फिरते ती पिशवी उघडून पाहावी. तीत वाचा-उपचाराचा एक अहवाल असतो, मानसशास्त्रज्ञाचा दुसरा, मेंदूविकारतज्ज्ञाचा तिसरा, आणि शाळेने दाखल्यासाठी मागितलेल्या कागदांची चौथी फाइल. चारही कागद इंग्रजीत, चारही एकमेकांना न भेटलेले. त्यांचा मेळ घालण्याचे काम त्या माउलीवर पडते, जिला त्यासाठी कोणतेही शिक्षण मिळालेले नसते. वस्तुतः हा मेळ घालणे हेच पदव्युत्तर अध्ययनाचे प्रयोजन आहे.

आता भाषेचा प्रश्न. तो केवळ अभिमानाचा आहे असा समज असेल तर तो मी एका लहानशा प्रसंगाने दूर करू इच्छितो. पुण्यातील एका शाळेत तिसरीतल्या एका मुलाजवळ मी अर्धा तास बसलो होतो. ‘किल्ला’ हा शब्द समोर येताच तो थबकला. मी त्याच्या बोटाकडे पाहत राहिलो. बोट प्रथम वेलांटीवर गेले, तिथून ‘क’वर आले, पुन्हा वेलांटीवर गेले; आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की जी वेलांटी उच्चारात ‘क’नंतर येते ती लेखनात ‘क’च्या आधी उभी असते, आणि आपण वाचणारे लोक ही उलटापालट इतक्या सहजतेने करतो की ती करतो हेच विसरून गेलो आहोत. पुढे ‘दर्या’ आला, तो त्याने ‘दऱ्या’ असा वाचला. समुद्र आणि डोंगरांमधल्या खोलगट जागा यांच्यात येथे केवळ ‘र’च्या एका फटकाऱ्याचे अंतर आहे. ‘क्रम’मध्ये तो पायाशी तिरपा जोडला जातो, ‘कर्म’मध्ये डोक्यावर चढतो, ‘राष्ट्र’मध्ये खाली छोटे छप्पर धरतो, आणि ‘दऱ्या’मध्ये मध्यभागी वळसा घेतो, एकच ध्वनी, चार वेष. पुस्तक मिटल्यावर त्याच मुलाने मला सिंहगडावरच्या सहलीची हकिगत सांगितली, आणि ती इतक्या क्रमवार, इतक्या बारीक तपशिलांनी की वाटेतल्या ताकवालीने किती मोड परत दिली तेही त्यातून सुटले नाही. नोंदवहीत त्याच्या नावापुढे शेरा होता : वाचन कच्चे, एकाग्रता नाही.

इंग्रजीसाठी रचलेली वाचनदोषाची चाचणी या मुलाला नीट पकडू शकणार नाही. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार असतात, म्हणून तिथले मूल मुख्यतः चुकीचे वाचून आपली अडचण उघड करते. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बऱ्याच अंशी नियमित असल्याने आपले मूल पुष्कळदा बरोबर वाचते, पण फार सावकाश वाचते, आणि वेलांट्या, जोडाक्षरे व रफार यांपाशी दमून जाते. चुका मोजणाऱ्या चाचणीत ते उत्तीर्ण होते आणि वर्गात मात्र मागे पडत राहते. ही गोष्ट मराठी लिपीचा, मराठी मुलांच्या वाचनवेगाचा आणि मेंदूशास्त्राचा एकत्र अभ्यास केल्यावाचून कळणारी नाही, आणि तो अभ्यास आपल्यासाठी केंब्रिजने किंवा बोस्टनने करावा अशी अपेक्षा ठेवणे हे आपले कर्तव्य दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्यासारखे आहे.

संख्यांच्या बाबतीतही असेच घडले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘त्रेसष्ट’ या संख्येचे ‘साठ तीन’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! वाद विधिमंडळापर्यंत गेला, आणि पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांना या बदलामागची भूमिका पुन्हा पुन्हा समजावून द्यावी लागली. अडचण खरी होती. ‘त्रेसष्ट’ म्हणताना जीभ तीन आधी उच्चारते आणि हात सहा आधी लिहितो; ‘एकोणसाठ’मध्ये कानांवर साठ येते आणि पाटीवर पाच काढायचे असतात; बरे, हाच नियम धरून मूल पुढे जावे, तर ‘नव्व्याण्णव’पाशी तोही मोडतो. ज्या मुलांच्या मेंदूला संख्यांचा क्रम धरून ठेवणेच जड जाते त्यांच्यासाठी हे ओझे दुप्पट होते. ज्या मराठी संख्यानामांत पिढ्यान्‌पिढ्यांचा भाषिक वारसा साठला आहे ती टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही. परंतु त्या वादात मते जितकी ऐकू आली तितकी मुले ऐकू आली नाहीत, ही खंत मला आजही वाटते. प्रश्नाचा निर्णय अभिनिवेशाने होऊ नये. दुसरीच्या मुलांसमोर शांतपणे बसून केलेल्या निरीक्षणाने व्हावा, आणि ते निरीक्षण करणारे प्रशिक्षित हात विद्यापीठानेच घडवावेत.

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या शब्दाची जन्मकथाही या संदर्भात बोधप्रद आहे. नव्वदच्या दशकात स्वमग्न व्यक्तींनी आपसांत जो विचारविनिमय सुरू केला त्यातून ही कल्पना आकाराला आली, आणि ऑस्ट्रेलियातील ज्युडी सिंगर यांनी १९९८ साली एक विद्यार्थिनी म्हणून लिहिलेल्या प्रबंधिकेत ती मांडली. विद्यार्थ्याच्या लेखनात आलेला शब्द जगाची दृष्टी पालटण्यास साहाय्यभूत होऊ शकतो, हे प्रबंध म्हणजे केवळ पदवीची औपचारिकता मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. या शब्दाचा आशय असा की, मेंदूच्या घडणीतील भिन्नता हा मानवजातीच्या स्वाभाविक वैविध्याचा भाग आहे, आणि अडचणीचे मूळ पुष्कळदा मुलाच्या मेंदूइतकेच त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेतही असते. आपल्या ‘स्वमग्न’ या शब्दाकडेही या दृष्टीने पाहावे. तो सुंदर आहे, परंतु ‘हे मूल स्वतःतच रमते, त्याला माणसे नकोत’ अशी समजूत तो नकळत रुजवतो. प्रत्यक्षात यांतील कित्येक मुलांना माणसे हवी असतात, मात्र माणसांचा कलकलाट, नजरेचा दाब आणि अकस्मात होणारा स्पर्श त्यांना सोसवत नाही. कोणता शब्द राखावा आणि कोणता टाकावा याचा निवाडा त्या शब्दाने ज्यांना ओळखले जाते त्यांना विचारल्यावाचून करू नये.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मी आदरपूर्वक ऐकतो. ज्या घरात बारा वर्षांचे मूल अजून बोलत नाही, रात्ररात्र झोपत नाही, स्वतःचे डोके भिंतीवर आपटून घेते, त्या घरातील आईवडिलांना ‘वैविध्य’ हा शब्द क्रूर वाटू शकतो. त्यांचे दुःख कोणत्याही घोषणेने झाकता येणार नाही. परंतु या विचाराचा खरा अर्थ उपचार थांबवा असा नाही. मुलाला बोलण्याची साधने द्या, झोप द्या, वेदना कमी करा, परंतु त्याला दुसऱ्या कोणासारखे दिसण्यास भाग पाडणे हे ध्येय मानू नका, असा तो अर्थ आहे. कोणती गोष्ट व्यथा म्हणून दूर करावी आणि कोणती स्वभाव म्हणून स्वीकारावी, हा विवेक अत्यंत अवघड आहे. तो दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. त्यासाठी दोन वर्षांचे सखोल अध्ययनच हवे.

आणि गरज थोडीथोडकी नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील पाच ठिकाणी झालेल्या पाहणीत, ज्यांत उत्तर गोव्याचाही समावेश होता, दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे आठ मुलांमागे एकाला मेंदूविकासाशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. यात दृष्टी, श्रवण आणि अपस्मार यांपासून स्वमग्नतेपर्यंतच्या अडचणी धरलेल्या आहेत. चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणला तर प्रत्येक वर्गात अशी पाच मुले बसलेली असू शकतात. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला हे सांगणारा, त्याच्या भाषेत सांगणारा, आणि सांगून झाल्यावर त्याच्या वर्गात बसून मदत करणारा कोणीतरी हवा.

तेव्हा माझी दरखास्त अशी. या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने पुस्तकांबरोबरच एका मुलाचा वर्षभर सहवास घ्यावा. आठवड्यातून एकदा त्याच्या घरी किंवा अंगणवाडीत जावे, त्याचे खेळणे, जेवणे, रुसणे पाहावे, आणि पालकांच्या संमतीबरोबरच मुलाच्या इच्छा-अनिच्छेचाही मान राखून आपली नोंदवही लिहावी. कामत आणि फाटक यांनी आरंभिलेले काम पुढे न्यावे. मराठी वाचनाच्या, संख्याज्ञानाच्या आणि बोलण्याच्या चाचण्या सदाशिव पेठेतल्या मुलांवरच न थांबता मेळघाटातल्या कोरकू मुलांपर्यंत, नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या आणि वाघोलीच्या बांधकामांवर आईवडिलांसह राहणाऱ्या मुलांपर्यंत न्याव्यात, म्हणजे भाषेचा फरक हा बुद्धीचा दोष म्हणून कागदावर चढणार नाही. अध्यापकवर्गात वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ यांच्या जोडीला स्वमग्न आणि वाचनदोष असलेल्या प्रौढ व्यक्तींना व अनुभवी पालकांना मानधनासह सन्मानाचे स्थान असावे. आणि प्रत्येक प्रबंधाचा सारांश सोप्या मराठीत छापून शाळांकडे आणि १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाड्यांकडे पाठवल्याखेरीज पदवी देऊ नये.

मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला जगात किंमत काय, असे विचारले जाईल. त्याने इंग्रजी ग्रंथ वाचावेत, इंग्रजीत शोधनिबंध लिहावेत, याला माझी हरकत कशी असेल? परंतु ज्या मुलाशी त्याला बोलायचे आहे ते मूल मराठीत रडते, ज्या आईला त्याने धीर द्यायचा आहे ती मराठीत प्रश्न विचारते, आणि ज्या शिक्षिकेने वर्गात बदल घडवायचा आहे ती मराठीत शिकवते. बोलण्याच्या या भाषेत ज्याला शास्त्र सांगता येत नाही त्याचे शास्त्र अहवालातच राहते.

विद्यापीठाच्या चालकांनी, शासनाच्या उच्चशिक्षण खात्याने आणि शहरातील ज्या रुग्णालयांनी व संस्थांनी हे काम दशकानुदशके एकाकीपणे वाहिले आहे त्यांनी एकत्र बसून या अभ्यासक्रमाचा मसुदा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि वाचकांना एवढेच सांगणे की, तो अभ्यासक्रम उभा राहीपर्यंतही एक गोष्ट आपल्या हाती आहे. आज संध्याकाळी घरात एखादे मूल पुस्तकावर बोट ठेवून थबकले, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी ते बोट कोणत्या अक्षरावर थांबले आहे ते वाकून पाहा. कामतांनी धारवाडकडच्या मुलांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारले, त्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली. त्या नोंदवहीचे पुढचे पान आता पुण्याने लिहावे.